मंडळाची खोली एचआयव्ही तपासणीसाठी द्यावी का?

मंजिरी_ग्रँटरोड

आमच्या गल्लीतल्या मंडळाची एक खोली आहे, दहा बाय पंधराची. गणपतीचे दिवस सोडले तर तिथे मखराच्या फळ्या, ढोल आणि पाण्याची दोन पिंपं पडून असतात. आम्ही राहतो ग्रँट रोड पूर्वेला. पिला हाऊस आणि फॉकलंड रोडची वेश्यावस्ती चालत सात-आठ मिनिटांवर.

गेल्या महिन्यात एका संस्थेच्या दोन बायका आणि एक मुलगा अध्यक्षांना भेटायला आले. महिन्यातून दोन संध्याकाळी, सहा ते दहा, खोली हवी होती. येणारे लोक म्हणजे धंदा करणाऱ्या बायका, तृतीयपंथी, पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष आणि सुईने नशा करणारी पोरं. बोटाला टोचून रक्ताचा थेंब घ्यायचा, वीस-तीस मिनिटांत निकाल. ज्याला हवं त्याचीच तपासणी, आणि कोणाचंही नाव बाहेर जाणार नाही.

बैठकीत दोन तट पडले. एक काका म्हणाले, "नायर रुग्णालय एवढं जवळ आहे, तिथे फुकट होतं. मग आपल्या दारात कशाला?" मला खोली द्यावी असं वाटतं, पण त्यांच्या या प्रश्नावर नीट उत्तर देता आलं नाही. पुढची बैठक रविवारी आहे. ज्यांना यातलं माहीत आहे त्यांनी कृपया लिहा. विरोध असेल तर तोही लिहा.

परळचा_मोहन

काकांचं चुकलं असं मला वाटत नाही. सरकारी केंद्रं आहेत, समुपदेशक आहेत, सगळं मोफत आहे. १०९७ या एचआयव्ही हेल्पलाइनवर फोन केला तर जवळचं केंद्रही सांगतात. ज्याला तपासणी करायची आहे तो जाईल की.

पालवी

मोहनदादा, मी सात वर्षं आउटरीचचं, म्हणजे वस्तीत जाऊन लोकांना भेटण्याचं काम केलंय, म्हणून लिहिते. ज्याला करायची आहे तो जाईल, हे ऐकायला बरोबर वाटतं. पण एका बाईचा दिवस बघा. शेवटचं गिऱ्हाईक रात्री दोन-तीनला जातं. झोपायला चार वाजतात. बाई उठते अकराला. पोराला शाळेतून आणायचं, पाणी भरायचं, स्वयंपाक करायचा. केसपेपरची खिडकी तोवर बंद झालेली असते. आणि वेळेत पोचली तरी रांगेत तिच्या पुढे तिच्याच इमारतीतली दुसरी उभी असते. संध्याकाळपर्यंत गिऱ्हाइकाच्या कानावर जातं की अमकी "त्या" खोलीत गेली होती. निकाल काय आला हे कोणी विचारत नाही. त्या खोलीत गेली एवढंच पुरतं.

तृतीयपंथीयांचा प्रश्न आणखी वेगळा. पुरुषांच्या रांगेत उभं राहायचं की बायकांच्या? माझ्याबरोबर आलेल्या एका तृतीयपंथी चेलीला शिपायाने तीनदा इकडून तिकडे हलवलं. चौथ्यांदा ती म्हणाली, "ताई, मला नाही करायची चाचणी," आणि निघून गेली. परत तयार व्हायला तिला दीड वर्ष लागलं.

लॅबवाला_नंदू

बोटाच्या तपासणीबद्दल गैरसमज नको म्हणून लिहितो. वस्तीत जी करतात ती फक्त चाळणी. त्यात किटवर तपासणीची रेष आली तर "रिॲक्टिव्ह" म्हणायचं, "पॉझिटिव्ह" नाही. मग त्या माणसाला केंद्रात नेऊन शिरेतून रक्त घेतात आणि वेगवेगळ्या किटवर मिळून तीन चाचण्या करतात. तिन्ही जुळल्या तरच निदान. खोलीत बसून कोणीही कोणाला "तुला एचआयव्ही आहे" असं सांगायचं नसतं. बैठकीत हे जरूर सांगा, कारण लोकांना वाटतं तिथल्या तिथे शिक्का बसतो.

दुसरी गोष्ट कचऱ्याची. तुमच्या मंडळात हा प्रश्न निघणारच. टोचणी एकदाच वापरायची, मग ती टोकदार वस्तूंच्या पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यात. रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम आहेत. डबा आणि पिशवी संस्थेने आणायची आणि रात्री परत न्यायची. हे लेखी घ्या.

मंजिरी_ग्रँटरोड

नंदूदादा, हे फार उपयोगी. कचऱ्याचा प्रश्न आमच्या खजिनदारांनी खरंच काढला होता.

सेमीफास्ट

सहा वर्षांपूर्वी एका पुरुषाशी संबंध आला, निरोध नव्हता. डोंबिवलीला घर, नोकरी अंधेरीला. घरी आई-बाबा आणि लहान बहीण. जवळच्या केंद्रात जायचं म्हणजे तिथल्या परिचारिकेची मुलगी बहिणीच्या वर्गात. खाजगी लॅबमध्ये नाव, मोबाइल, पत्ता सगळं विचारतात आणि अहवाल पाठवतात तो घरच्या सगळ्यांच्या हाती लागणाऱ्या फोनवर. मी तीन वर्षं तपासणी केली नाही. ताप आला की रात्रभर जागा. तोंडात फोड आला की आरशासमोर टॉर्च.

मग एका मित्राने सांगितलं की दर शनिवारी एका संस्थेच्या खोलीत आपल्यातलीच मुलं तपासतात. गेलो. चहा दिला. ज्याने बोट टोचलं तो माझ्याच वयाचा होता. आधी त्याने विचारलं, "रेष आली तर आज रात्री कुणाशी बोलशील?" त्या प्रश्नाने मी रडलो. निकाल नॉन-रिॲक्टिव्ह आला. तीन महिन्यांनी पुन्हा ये म्हणाला, कारण मधल्या काळात काही झालं असेल तर ते इतक्यात दिसणार नाही. गेलो. आता दर सहा महिन्यांनी जातो.

मोहनदादा, मला तपासणी करायची होती. फार करायची होती. तरी मी गेलो नव्हतो.

वाडवळीण

@सेमीफास्ट, लिहिल्याबद्दल मनापासून आभार. दोनदा वाचलं.

परळचा_मोहन

@सेमीफास्ट, हा विचार मी केला नव्हता. माझा पहिला प्रतिसाद मागे घेतो. पण मंजिरीताईंच्या गल्लीतल्या लोकांना जी भीती आहे, नाव खराब होण्याची, मुलींची स्थळं मोडण्याची, ती खोटी नाही. आम्ही गिरणगावात वाढलो. एखाद्या चाळीचं नाव एकदा निघालं की ते पुसायला पिढी जाते.

शुभ्रा_सांताक्रूझ

त्याला एक जुनं उदाहरण देते. हमसफर ट्रस्ट १९९४ साली सुरू झाली आणि महापालिकेने त्यांना वाकोल्याला आपल्या इमारतीत जागा दिली. समलैंगिक पुरुषांसाठी काम करणारी संस्था, तीही समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ जिवंत असताना! वाकोल्याचं नाव काही बुडालं नाही. माझं माहेर तिथलंच, लग्नंही सगळ्यांची झाली. लोकांना पहिले काही महिने कुतूहल असतं, मग सवय होते.

सुईदोरा

मी विरोधात लिहिणार आहे. समजून घ्या.

१९९६ मध्ये मुंबईतल्या कुंटणखान्यांवर मोठ्या धाडी पडल्या आणि शेकडो मुलींना सुधारगृहात नेलं. त्यात नेपाळच्या पुष्कळ होत्या. त्यांची रक्तं तपासली गेली, पण त्यांना विचारून नाही. माझी मावशी तेव्हा एका सुधारगृहात शिवण शिकवायला जायची. ती सांगते, मुलींना आपलं रक्त कशासाठी काढलं हेही ठाऊक नव्हतं, आणि निकाल मात्र पहारेकऱ्यांपर्यंत सगळ्यांना माहीत.

आज पद्धत बदलली हे मान्य. पण "स्वेच्छेने" हा शब्द वस्तीत किती खरा असतो? घरवाली, म्हणजे कुंटणखाना चालवणारी, म्हणते, "सगळ्या जा आणि टोचून या, नाहीतर खोली खाली करा." संस्थेच्या कार्यकर्त्यावर महिन्याच्या आकड्याचा दबाव असतो. तृतीयपंथीयांत गुरूने सांगितलं की चेलीला नाही म्हणता येत नाही. तपासणी दारात आणली की नकार देणं आणखी कठीण होतं. रुग्णालयात न जाणं सोपं आहे. दारात आलेल्या ताईला नाही म्हणणं तेवढं सोपं नाही.

पालवी

@सुईदोरा, तुमचं म्हणणं मी जगलेय, म्हणून वाद घालत नाही. आकड्याचा दबाव खरा आहे. आमच्याकडे महिना संपत आला की एक वरिष्ठ विचारायचे, "किती बाकी?" मी एकदा एका बाईला तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा ती हो म्हणाली, पण माझ्याकडे न बघता. ते तोंड मला आजही आठवतं. त्यानंतर मी स्वतःला एक नियम घातला. नाही म्हटलं की त्या दिवशी परत विचारायचं नाही. निरोध द्यायचे, गुप्तरोगाच्या तपासणीची चिठ्ठी द्यायची, पोराची चौकशी करायची आणि उठायचं. घरवालीसमोर तर कधीच विचारायचं नाही.

मात्र यावर उपाय म्हणून खोली बंद ठेवली तर ती बाई परत केसपेपरच्या रांगेत. तिकडे तरी कोण विचारतं तिला नीट?

कायदेकानू

सुईदोरा यांच्या मुद्द्यावर कायदा स्पष्ट आहे. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ चा, लागू झाला १० सप्टेंबर २०१८ पासून. समजावून सांगून घेतलेल्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही. तपासणीच्या आधी आणि नंतर समुपदेशन हवं. एखाद्याची स्थिती त्याच्या संमतीविना उघड करता येत नाही. नोकरी, घर, उपचार, शाळा यांत भेदभाव चालत नाही.

मुंबईचा यात आणखी जुना वाटा आहे. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय दिला होता की काम करायला सक्षम असलेल्या माणसाला केवळ एचआयव्ही आहे म्हणून नोकरी नाकारता येणार नाही. त्या खटल्यात त्याचं नावही गुप्त ठेवलं होतं. कायदा यायच्या वीस वर्षं आधी.

मंडळाला पोलिसांची भीती असेल तर याच कायद्यात निरोध वाटणं, स्वच्छ सुया देणं यांसारख्या धोका कमी करण्याच्या कामाला गुन्ह्यापासून संरक्षण आहे. तरीही स्थानिक ठाण्याला संस्थेचं पत्र आधी द्या. हवालदाराला कायद्याचं कलम तोंडपाठ असेलच असं नाही.

अ_नामिक

मी सुईची नशा करायचो. पाच वर्षं झाली सोडून. पुलाखाली बसायचो, एका सुईत चौघे. तपासणीचं कोणी बोललं की आम्ही हसायचो, आज संध्याकाळची पुडी कुठून येणार ते बघू आधी. आमच्यात एक दादा यायचा, तो आधी स्वतः त्याच पुलाखाली होता. तो नव्या सुया द्यायचा, जुन्या घेऊन जायचा, पायावर चिघळलेलं धुवायचा. दोन महिने त्याने तपासणीचा शब्द काढला नाही. मग मीच विचारलं.

माझी रेष आली. त्याने मला तिथे सोडलं नाही. टॅक्सीत घातलं, केंद्रात बरोबर बसला, दुसऱ्या दिवशी एआरटी केंद्रातही आला, एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे. आता रोज रात्री एक गोळी. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, दिसत नाही इतका कमी आहे. लग्न झालंय, बायकोला सगळं माहीत आहे, ती निगेटिव्ह आहे.

खोली द्या ताई. पण त्या संस्थेला एक विचारा. रेष आली तर बरोबर कोण जाणार?

वाडवळीण

हा खरा प्रश्न.

डॉ_उमा

अ_नामिक यांनी मुद्द्याला हात घातला. नाको, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, दर काही वर्षांनी पाहणी करते. २०२१ च्या पाहणीत सुईने नशा करणाऱ्यांत एचआयव्हीचं प्रमाण ९.०३ टक्के होतं. तृतीयपंथीयांत ३.७८, पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांत ३.२६, धंदा करणाऱ्या बायकांत १.८५. एकूण प्रौढ लोकसंख्येत ते सुमारे ०.२ टक्के. त्यामुळे तपासणी सगळीकडे सारखी वाटून उपयोग नाही. जिथे गरज जास्त तिथे जायला हवं.

आणि "कळून काय उपयोग" हा प्रश्न एके काळी खरा होता. मी निवासी डॉक्टर होते तेव्हा रुग्णाला निदान सांगायचं आणि पुढे देण्यासारखं हातात काही नसायचं. मोफत एआरटी सुरू झाली १ एप्रिल २००४ ला, आपल्याकडे जे. जे. मध्ये. तेव्हाही सीडी४, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या रक्तातल्या पेशी, बऱ्याच खाली गेल्याशिवाय औषध मिळत नव्हतं. माणूस खंगेपर्यंत थांबायचं. २०१७ पासून निदान झालं की सीडी४ किती का असेना, औषध लगेच. आणि औषध नियमित घेऊन विषाणू रक्तात न सापडण्याइतका दबलेला राहिला तर शरीरसंबंधातून तो दुसऱ्याला जात नाही. लवकर कळण्याला आज जेवढा अर्थ आहे तेवढा माझ्या उमेदवारीत नव्हता.

वडाळा_टर्मिनस

थोडं अवांतर. आमचा वाहतुकीचा धंदा. आमच्या ड्रायव्हरांसाठी ट्रक टर्मिनसजवळ अशी शिबिरं झाली आहेत. सुरुवातीला "एड्सची गाडी" म्हणून कोणी जवळ जाईना. मग त्यांनी डोळे, साखर आणि रक्तदाबही सुरू केला. ड्रायव्हरला डोळ्यांची काळजी असतेच, परवान्याचा प्रश्न असतो. रांग लागली. त्यातल्या काहींनी मग आतल्या पडद्यामागे जाऊन ती पण तपासणी केली. बाहेरून कोण कशासाठी गेला ते कळत नाही. मंजिरीताई, तुमच्याकडे हे करून बघा. गल्लीतले म्हातारेही येतील साखर बघायला.

सुईदोरा

@वडाळा_टर्मिनस, कल्पना चांगली आहे, पण साखरेसाठी काढलेल्या रक्तातच एचआयव्ही बघून टाकायची सवय लागते हो. हे व्हायला नको. दोन वेगळी टेबलं, दोन वेगळ्या टोचण्या, आणि दुसऱ्या टेबलावर बसण्याआधी प्रत्येकाला स्वच्छ सांगायचं की हे एचआयव्हीसाठी आहे.

वडाळा_टर्मिनस

शंभर टक्के बरोबर. आमच्याकडे तसंच होतं, लिहायचं राहिलं.

सेमीफास्ट

एक विनंती. "अतिजोखमीचा गट" हा शब्द फलकावर लिहू नका. आम्ही गट म्हणून धोकादायक नसतो. बिननिरोधचा संबंध, दुसऱ्याने वापरलेली सुई, यात जोखीम आहे. फलकावर "मोफत आरोग्य तपासणी" पुरे. ज्यांना यायचं आहे त्यांना एकमेकांकडून कळतंच.

आणि अजून एक, तपासणीबरोबर पुढचंही सांगा. एखाद्याचा अपघाती संबंध आला असेल तर ७२ तासांच्या आत पेप सुरू करता येतं, ते २८ दिवस घ्यायचं असतं. ज्यांना जोखीम वारंवार येते त्यांच्यासाठी प्रेप आहे. मला हे दोन्ही कळले ते त्या चहाच्या खोलीत.

परळचा_मोहन

पेप आणि प्रेप, माझ्यासारख्या सत्तरीच्या माणसाला नावं सारखीच वाटतात. फरक सांगाल का?

डॉ_उमा

मोहनकाका, पेप धोका येऊन गेल्यावर, लवकरात लवकर आणि फार तर तीन दिवसांच्या आत सुरू करायचं. प्रेप धोका यायच्या आधीपासून. पाऊस आल्यावर आडोसा शोधणं आणि घरून छत्री घेऊन निघणं, तसं. दोन्ही डॉक्टरांच्या सल्ल्याने, आणि दोन्हींच्या आधी तपासणी लागते.

परळचा_मोहन

मुंबईकराला छत्रीचं उदाहरण लगेच कळलं. आभार.

मंजिरी_ग्रँटरोड

बैठक झाली, सविस्तर लिहिते.

अ_नामिक यांचा प्रश्न मी संस्थेच्या ताईंना आधीच फोन करून विचारला होता. त्या म्हणाल्या, रेष आली तर त्या संध्याकाळी तो माणूस एकटा घरी जाणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्याच समाजातला एक जण त्याला केंद्रात घेऊन जाईल आणि एआरटी सुरू होईपर्यंत बरोबर राहील. आणि कोणी नको म्हणाला तर त्याच्या हातात केंद्राचा पत्ता, १०९७ आणि त्यांचा नंबर. जबरदस्ती नाही. त्यांच्या कार्यकर्त्यांना आकड्यावर पैसे मिळतात का, हेही विचारलं. नाही म्हणाल्या. सुईदोराताई, हा प्रश्न तुमच्यामुळे सुचला.

बैठकीत कचऱ्याचं पत्र वाचलं, खजिनदार गप्प झाले. कायद्याचं सांगितलं. मग सेमीफास्ट यांनी लिहिलेलं मी त्यांचं टोपणनाव न घेता वाचून दाखवलं. विचारायला हवं होतं, आधी विचारलं नाही, त्याबद्दल माफी. ते वाचून झाल्यावर नायरचं बोललेले काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "माझा धाकटा भाऊ चौऱ्याण्णव साली गेला. आम्ही सगळ्यांना टीबी सांगितलं." एवढंच. अध्यक्षांनी मतदान घेतलंच नाही.

पहिले तीन महिने खोली द्यायची ठरली, पहिला आणि तिसरा गुरुवार. साखर आणि रक्तदाबाचं टेबल दाराशी, दुसरं आत. गणपतीच्या दिवसांत बंद. चावी त्या काकांकडे राहील, त्यांनीच मागून घेतली.

सेमीफास्ट

माफी नको ताई. वाचलंत ते बरं झालं. काकांना माझा नमस्कार सांगा.

अ_नामिक

🙏

सुईदोरा

तीन महिन्यांनी इथे लिहा. किती जण आले यापेक्षा किती जण नको म्हणून उठून गेले आणि त्यांच्याशी कोण कसं वागलं, ते मला वाचायचं आहे.

मंजिरी_ग्रँटरोड

लिहीन, नक्की. आता एक अडचण. आतल्या टेबलासाठी आडपडदा हवा. मखराच्या फळ्या उभ्या करून बघितल्या, पण वरून बोलणं ऐकू येतं. कोणाकडे जाड पडदा आणि रुळ असेल तर सांगा. ट्यूबलाइटही एकच आहे, आत अंधार पडतो.

पालवी

नुसत्या पडद्याने आवाज अडत नाही. दाराशी एक छोटा पंखा लावा, घरघरणारा चालेल. आणि साखरेच्या टेबलाजवळ खुर्च्या कमी ठेवा, म्हणजे लोक तिथे बसून राहत नाहीत. मी गुरुवारी येते, जागा बघून सांगते.

लॅबवाला_नंदू

ट्यूबलाइट माझ्याकडून. रेष नीट वाचायला उजेड लागतोच. बुधवारी संध्याकाळी येऊन बसवून जातो, स्टूल तेवढा ठेवा.

परळचा_मोहन

आमच्या सौ.ने दुकान बंद केलं तेव्हाचे ट्रायल रूमचे दोन पडदे आहेत, जाड, अस्तराचे, रुळासकट. धुवून ठेवतो. पालवीताई, परळवरून जाताना घ्याल का, की मी आणून देऊ?

मंजिरी_ग्रँटरोड

मोहनकाका, तुम्हीच आणा. गुरुवारी साखरही बघून घ्या.